कोयता, उचल, खाडा : सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळ, कार्यकारी संचालक आणि मुख्य शेती अधिकारी,
सोलापूर जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

विषय : तोडणी करार, टोळी यादी, काटा पावती आणि ऊस बिल यांवरचे काही शब्द व रकाने बदलण्याबाबत

महोदय,

दसरा जवळ आला की कारखान्यातून एकीकडे बॉयलर अग्निप्रदीपनाची पत्रिका छापायला जाते आणि दुसरीकडे तोडणी-वाहतूक कराराचे नमुने. पत्रिकेवर कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, यावर बैठका होतात, रुसवेफुगवे होतात. कराराचा नमुना मात्र गेल्या वर्षीचाच निघतो, फक्त हंगामाचं साल बदलून. हे पत्र त्या दुसऱ्या कागदाबद्दल आहे.

शेतकऱ्यांची ऊस बिलं तपासून देणं, टोळ्यांचे हिशेब मांडून देणं, अपघाताचे आणि थकीत बिलांचे अर्ज लिहून देणं हे आमचं काम. माळशिरस, पंढरपूर, माढा, मोहोळ, करमाळा या भागांतले कागद आमच्यासमोर येतात. मजुरांशी सन्मानाने बोला, एवढंच सांगायचं असतं तर पत्र लिहायची गरज नव्हती. या कागदांवरचे काही शब्द पैसा कोणाचा आणि कर्ज कोणाचं हे ठरवून टाकतात, आणि तेही कोणी मुद्दाम न ठरवता. ते छपाईआधी एकदा तपासावेत, ही मागणी आहे.

सुरुवात कोयत्यापासून करू, कारण टोळीच्या करारात पहिला आकडा त्याचाच असतो. ‘दहा कोयत्यांची टोळी’ म्हणजे माणसं वीस : दहा नवरे आणि दहा बायका. एकटा गडी आला, किंवा विधवा बाई एकटी आली, तर ती ‘अर्धा कोयता’. फडात गडी बुडख्यापासून ऊस तोडतो. बाईही तोडते, शिवाय पाचट काढते, वाढं छाटते, मोळ्या बांधते आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. पहाटे कोपीवर (पाचटाच्या झोपडीत) भाकरी थापणारी तीच आणि रात्री पोराला झोपवून परत गाडी भरायला उभी राहणारीही तीच. कामाला दोघं आहेत. कागदावर कोयता एक आहे, म्हणून नाव एक, आधार क्रमांक एक, बँक खातं एक आणि अंगठा एक. तो नवऱ्याचा.

यात बिघडतं काय, ते हिशेबाने सांगतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणी दरात 34 टक्के वाढ ठरली आणि टोळी जमवून आणणाऱ्या मुकादमाचं कमिशन 20 टक्के झालं. त्या वाढीनंतरचा दर सोयीसाठी टनाला 366 रुपये धरू. गाडी सेंटर (बैलगाडीने ऊस वाहणारे), डोकी सेंटर (डोक्यावरून मोळ्या भरणारे), अंतर यांनुसार तो थोडा मागेपुढे होतो. एक जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. म्हणजे कोयत्याची दिवसाची कमाई 732 रुपये. शेती विभागाच्या तक्त्यात हा आकडा एका ओळीत बसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, बरे मिळतात की सातशे रुपये! ओळ दोन माणसांची आहे. माणशी 366 पडतात, तेही पहाटे चारला सुरू होऊन गाडी भरेपर्यंतच्या दिवसाचे. समान कामाला समान वेतन हे 1976 पासून कायद्यात आहे. पण जिचं नावच हजेरीत नाही, तिचं वेतन समान आहे की नाही हे तपासणार तरी कसं?

अपघाताच्या अर्जात हे सगळ्यात जास्त नडतं. बाई फळीवरून पडली, ट्रॉलीखाली पाय आला, विळ्या-कोयत्याने बोटं गेली, की भरपाई मागताना पहिला प्रश्न येतो : ही कामावर होती याचा पुरावा काय? टोळी यादीत नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘कोयता 1’. मग मुकादमाचा जबाब, शेजारच्या कोपीतल्या दोघांचे जबाब, दवाखान्याच्या कागदावर ‘ऊसतोडीदरम्यान’ हा शब्द आहे का त्याची शोधाशोध. तोवर टोळी गावाकडे गेलेली असते आणि साक्षीदार तीन तालुक्यांत पांगलेले. याउलट नवरा दगावला तर त्याच्या अंगावरची बाकी मुकादम बायकोकडेच मागतो. कमवताना ती कोयत्यात विरघळलेली, फेडताना मात्र नावागावानिशी ओळखीची.

आता ‘खाडा’, म्हणजे कामावरची गैरहजेरी. जोडीतल्या एकालाही ताप आला की कोयता बंद, कारण एकट्याने दोघांचं काम होत नाही. बंद कोयत्याचा खाडा लागतो आणि कित्येक ठिकाणी त्यावर दंडही कापतात. बाईने पाळीच्या दिवसांत विसावा घ्यावा तर तोही खाडाच. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाच्या मुळाशी जी चार-दोन कारणं आहेत, त्यांत खाड्याची भीती एक आहे. पण खाड्याची दुसरी बाजू कोणी लिहीत नाही. कारखान्याची मिल अडली, यार्डात नंबर लागेना, गाडी दोन दिवस रांगेत उभी राहिली, तर फडात टोळी बसून असते. तोडायला ऊस आहे, भरायला गाडी नाही. त्या दोन दिवसांना तुमच्या दैनिक अहवालात नाव आहे ‘तांत्रिक अडचण’. टोळीच्या वहीत त्या दिवसांना नावच नाही; कमाई शून्य आणि किराणा चालू. मजूर थांबला तर खाडा आणि कारखाना थांबला तर अडचण, हा फरक कामाच्या स्वरूपातून आलेला नाही. वही कोणाच्या हातात आहे, त्यावरून आलेला आहे.

म्हणून पहिली मागणी साधी आहे. टोळी यादीत कोयत्यांऐवजी माणसं मोजा. प्रत्येक माणसाला स्वतंत्र ओळ, त्यात नाव, वय, आधार, खातं, वारस. ‘कोयता’ खोडून त्या जागी ‘जोडी’ छापलं आणि ओळ एकच ठेवली, तर छपाईचा खर्च वाया गेला असं समजा. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये टोळीच्या एका कोडखाली दोन व्यक्ती बसवणं हे एका दुपारचं काम आहे. वाहतूकदाराच्या एका कोडखाली तुम्ही तीन-तीन वाहनं बसवताच. खरी अडचण पुढे येते. बायकांची खाती व्यवहाराअभावी बंद पडलेली असतात, आधारावर माहेरचं नाव असतं आणि बँकेत सासरचं, आणि खातं चालू असलं तर एटीएम कार्ड मुकादमाच्या पिशवीत जमा असतं. तेव्हा खाती हंगामाआधी गावातच तपासावी लागतील आणि कार्ड-पासबुक ज्याचं त्याच्याकडे राहील हे कलम मुकादमाच्या करारात घालावं लागेल. नाहीतर दोन खात्यांवर पैसे पडतील आणि काढणारा हात तोच राहील.

आणखी एक. ऊसतोडणाऱ्यांसाठी राज्याचं जे महामंडळ आहे, ज्याला तुम्ही गाळपाच्या टनामागे 10 रुपये भरता, त्याच्या नावात ‘ऊसतोड कामगार’ असे शब्द आहेत. तुमच्या करारात मात्र ‘मजूर पुरवठा’ आहे. पुरवठा बारदानाचा होतो, चुन्याचा होतो, गंधकाचा होतो. माणसं त्या यादीत बसवली की ती कोणाची कामगार हा प्रश्न आपोआप गळून पडतो : कारखाना म्हणतो वाहतूकदाराची, वाहतूकदार म्हणतो मुकादमाची, मुकादम म्हणतो मी तर त्यांच्यातलाच एक. ऊस तुमच्या नोंदीचा, तोडीची चिठ्ठी तुमची, वाहन तुमच्या कोडचं, काटा तुमचा, दर तुमच्या साखर संघाने मान्य केलेला. एवढं सगळं तुमचं असताना माणसं तेवढी परक्याची कशी होतात?

आता उचल. या एका शब्दावर अख्खा हंगाम उभा असतो, आणि तो दोन अगदी वेगळ्या पैशांना लावला जातो. दोन्हीकडे तुमच्या फायद्याने.

तोडणी कामगाराची उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली रक्कम. कारखान्याकडून ती वाहतूकदाराला जाते, वाहतूकदाराकडून मुकादमाला, मुकादमाकडून जोडीला. हिशेबापुरती जोडीची उचल एक लाख धरू. दिवसाला 732 रुपयांनी एक लाख फिटायला 137 दिवस लागतात, तेही एकही खाडा न पडता आणि मध्ये एक रुपया न घेता. पण माणसं खाणार काय? म्हणून आठवड्याची खर्ची मिळते. 1,500 धरली तर चौदा आठवड्यांची 21,000. आता कारखाना पाच महिने चालणार, या हिशेबावर उचल दिलेली असते. कारखाने वाढले, ऊस तेवढाच राहिला किंवा पाण्याअभावी घटला, आणि पट्टा शंभर दिवसांत पडला, म्हणजे हंगाम संपला. शंभर दिवसांची कमाई 73,200. देणं 1,21,000. बाकी 47,800 रुपये जोडीच्या अंगावर. कामात कुठेही कसूर नाही, खाडा नाही, दारू नाही, लग्न नाही. तरीही बाकी. हंगाम लवकर संपण्याचा धोका धंद्याचा होता आणि तो कागदावर जोडीच्या नावे पडला, कारण आकडा ज्या रकान्यात लिहायचा त्याचं नाव ‘उचल बाकी’ असं आधीच छापलेलं होतं. पुढच्या वर्षी हीच रक्कम फिरती बाकी होते, तिच्यावर नवी उचल चढते आणि जोडीला दुसऱ्या मुकादमाकडे जाता येत नाही. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम करणार नाही, असं लिहून घेणारे करार आजही होतात. असं कलम 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या आड येतं, हे तुमच्या कायदा सल्लागाराला ठाऊक असतं. म्हणूनच ते कारखान्याच्या कागदावर सहसा सापडत नाही. मुकादमाच्या स्टॅम्प पेपरवर सापडतं.

इथे मागणी एवढीच की टोळीच्या हिशेबात ‘कारखान्याकडून थांबलेले दिवस’ हा रकाना घाला. मिल बंद, यार्ड भरलेलं, गाडी नाही, हंगाम ठरल्याआधी आटोपला, असे सगळे दिवस त्यात. त्या दिवसांचा ठरावीक भत्ता बाकीतून वजा व्हावा. भत्ता किती यावर बसून बोलता येईल, पण रकानाच नसेल तर बोलायला विषय राहत नाही. आणि दर पंधरवड्याला प्रत्येक जोडीला छापील चिठ्ठी द्या : तोडलेले टन, दर, कमाई, खर्ची, फिटलेली उचल, राहिलेली उचल. आज हा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि जोडीला तो कळतो पट्टा पडल्यावर, गाडीत सामान भरताना.

तीच ‘उचल’ ऊस उत्पादकाच्या वाट्याला कशी येते ते बघा. गव्हाण पूजनाच्या भाषणात घोषणा होते, यंदा पहिली उचल अमुक. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘बळीराजाला दिलासा’. शेतकऱ्याने ऊस दिलाय, काट्यावर वजन झालंय, साखर पोत्यात पडायला लागलीय. त्याचं येणं ते येणं. त्याला उचल म्हटलं की वाटतं, कारखान्याने कोणाला तरी हातउसने पैसे दिले. ऊस नियंत्रण आदेश 1966 म्हणतो, ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत किंमत द्या; पुढे उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज द्या. त्यात पहिली, दुसरी, दिवाळीची, पोळ्याची असली वर्गवारी नाही. हप्ते पाडण्याची मुभा देणारा फेब्रुवारी 2022 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला. तरी ‘पहिली उचल’ कुठेही गेली नाही, कारण ती शासन निर्णयापेक्षा जुनी आहे आणि तोंडात बसलेली आहे. आंदोलन करणाऱ्यांच्या तोंडातसुद्धा. ‘पहिली उचल इतकी मिळालीच पाहिजे’ ही घोषणा देताना आपण आपल्याच पैशाला उधारीचं नाव देतोय, हे त्यांनीही ऐकावं.

या दराच्या नावाचीही एक गंमत आहे. 2009 पर्यंत केंद्राच्या दराला ‘किमान वैधानिक किंमत’ म्हणत. नंतर ती ‘रास्त आणि किफायतशीर दर’ झाली, म्हणजे एफआरपी. पूर्वीचं नाव स्वतःच सांगायचं की हा तळ आहे, याच्या वर चढायचं. आताच्या नावाने तळालाच रास्त ठरवलं. कायद्यात अर्थ तोच राहिला, यापेक्षा कमी देता येत नाही. पण संचालकांच्या भाषणात ‘आम्ही एफआरपीपेक्षा शंभर रुपये जादा दिले’ हे वाक्य देणगी जाहीर केल्यासारखं यायला लागलं. राज्याच्या 2013 च्या ऊस दर कायद्याने साखर आणि प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातले 70 टक्के उसाला धरायचे आहेत. त्या हिशेबात एफआरपीच्या वर रक्कम निघाली, तर ती शेतकऱ्याचीच. तिला ‘दिवाळी भेट’ म्हणणं म्हणजे ज्याची गाय त्यालाच वाटीभर दूध वाढून वर आभार मानून घेणं.

बिल कसं वाचायचं तेही सांगून टाकतो, कारण सभासदांनीही हे पत्र वाचावं असं वाटतं. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. उतारा दर 0.1 टक्क्याने घटला की क्विंटलला 3 रुपये 46 पैसे कमी, 9.5 टक्के आणि त्याखाली 329 रुपये 5 पैशांवर थांबायचं. समजा उतारा 10 टक्के धरला. तर टनाला 3,463 रुपये 50 पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. ती 900 धरली तर हातात 2,563 रुपये 50 पैसे. शंभर टनाचे 2,56,350. चौदा दिवसांनंतर आणखी साठ दिवस पैसे रखडले तर 15 टक्क्यांनी व्याज होतं 6,321 रुपये. आता तुमच्या ऊस बिलाचा नमुना उघडा. कपातीच्या बाजूला सोसायटी वसुली, ठेव, भाग भांडवल, निधी असे रकानेच रकाने. देय बाजूला ‘विलंब व्याज’ हा रकाना आहे? आम्ही पाहिलेल्या बिलांवर तो नसतो. ज्या पैशाला रकाना नाही तो पैसा मागायला शेतकऱ्याला अर्ज करावा लागतो, आणि अर्जाने मागितलेला हक्काचा पैसासुद्धा विनंती वाटायला लागतो. तोडणी-वाहतुकीचा आकडाही एकत्र छापू नका. तोडणी किती, कमिशन किती, वाहतूक किती आणि किती किलोमीटरची, हे वेगळं दाखवा. ते एकत्र असल्यामुळे शेतकऱ्याला वाटतं आपले नऊशे रुपये तोडणाऱ्यांनी खाल्ले, आणि त्या जोडीला कधी कळतच नाही की तिच्या नावाने कापलेल्या नऊशेंतले तिच्या वाट्याला 366 आले.

काट्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. वीस टनाच्या खेपेला एक टन कमी भरलं तर शेतकऱ्याचे अडीच हजार जातात आणि टोळीचे 366. पण काटा पावतीची प्रत शेतकऱ्याला आणि वाहनवाल्याला मिळते. टनावर ज्याचं पोट आहे त्या तिसऱ्या माणसाला मिळत नाही. तिसरी प्रत छापा.

न मिळालेल्या पैशाला आपण कसं बोलतो, यावरही एकदा कान द्यावा. कारखान्याने बिल दिलं नाही तर एफआरपी ‘थकली’. आपोआप, जणू पावसाने पिकं झोडपली तशी. कोणी थकवली हे वाक्यात नसतं. साखर आयुक्तांकडून महसुली वसुलीचा दाखला निघाला तरी बातमी ‘कारखाना अडचणीत’. टोळीतली दोन माणसं पट्टा पडायच्या आत गावी गेली तर ती ‘उचल बुडवून पळाली’. तिथे कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि पोलीस ठाण्यात फसवणुकीची कलमंही आहेत. मुकादम वाहतूकदारांना लाखो रुपयांना गंडवतात हे खोटं नाही. आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टरवाल्यांची घरं त्यात बसलेली आहेत आणि त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण मुकादमाने टोळीच न आणता रक्कम उडवणं आणि चार महिने ऊस तोडून बाकी राहिलेल्या जोडीने गाव गाठणं, या दोहोंना एकच ‘पळाले’ लावल्यामुळे गुन्हा पहिल्याचा आणि धाक दुसऱ्याला, असं होतं. तुमच्या शेती विभागाच्या अहवालात ‘पळालेले कोयते’ असा रकाना असतो. तो ‘काम सोडलेले’ असा करा आणि शेजारी कारण लिहायला जागा ठेवा. आजारपण, मारहाण, हिशेबावरून वाद, घरी मयत. दोन हंगामांत त्या रकान्याने तुम्हाला जे कळेल ते कोणत्याही मेळाव्यात कळणार नाही.

‘खुशाली’ हा शब्द मात्र तुमचा नाही, फडातला आहे. ऊस वाळायला लागला, तोडीची चिठ्ठी पुढे सरकेना, अशा वेळी मुकादम, टोळी किंवा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर शेतकऱ्याकडून एकरी जे पैसे काढतो त्याला खुशाली म्हणतात. देणारा अजिबात खूश नसतो. गाडीमागे द्यावी लागणारी ‘एन्ट्री’ वेगळी, मटणाचं जेवण वेगळं. इथे सत्ता थोडे दिवस तोडणाऱ्याच्या हातात येते आणि तोही लुबाडणुकीला गोड नाव देतो. त्याची बाजू घेण्याचं आम्हाला कारण नाही. पण खुशाली कुठे वाढते तेही बघा : जिथे तोडणी कार्यक्रम लागण तारखेप्रमाणे लावलेला नाही, जिथे वशिल्याचा ऊस आधी जातो, जिथे नोंदीचा ऊस उभा आणि गेटकेन, म्हणजे बाहेरचा बिगरनोंदीचा ऊस, आत येतो. तोडणीचा क्रम गावनिहाय यादी करून गट ऑफिसच्या दारावर आणि मोबाइलवर लावला की खुशालीचा भाव उतरतो. जे कारखाने ही यादी खरोखर पाळतात तिथले शेतकरी हे सांगतील.

राहता राहिला ‘मालक’. आपल्या जिल्ह्यात चेअरमनला मालक म्हणायची रीत आहे. खासगी कारखान्यात ते खरंच आहे, तिथे आमचं काही म्हणणं नाही. सहकारी कारखान्यात शेअर्स सभासदाचे, मत माणशी एक आणि अध्यक्ष निवडून दिलेला विश्वस्त. तरीही वार्षिक सभेत माइकवरून ‘मालकांनी परवानगी द्यावी’ असं सभासदच बोलतो. प्रेमाने म्हणतात, जुनं घराणं आहे, हे आम्हाला कळतं. पण ज्याला मालक म्हटलं त्याला ताळेबंदातल्या टिपांबद्दल प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, आणि अहवाल सभेच्या मंडपातच हातात पडला तरी विषय क्रमांक एक ते बारा ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पाऊण तासात उरकतात. माइकवर कोणाला काय म्हणायचं यावर नियम करता येत नाही. सभेच्या नोटिशीत, अहवालात आणि कारखान्याच्या फलकांवर फक्त ‘अध्यक्ष’ छापायचं, एवढं करता येतं. आणि ताळेबंद सभेच्या चौदा दिवस आधी घरपोच.

या सगळ्याला खर्च किती? टोळी यादी, करार, पंधरवडा चिठ्ठी, काटा पावती आणि ऊस बिल असे पाच नमुने नव्याने छापणं आणि सॉफ्टवेअरवाल्याकडून रकाने वाढवून घेणं. अग्निप्रदीपनाच्या मंडपापेक्षा कमी. विलंब व्याजाची रक्कम अर्थातच वेगळी, पण ती खर्च म्हणून मोजू नका; ती आजही देणं आहे, फक्त लिहिलेली नाही. सगळं एका हंगामात होणार नसेल तर माणशी ओळ आणि विलंब व्याजाचा रकाना या दोन गोष्टी यंदा करा. नमुने हवे असतील तर आम्ही मराठीत तयार करून देऊ, पैसे न घेता. ज्या कारखान्याला हे बदल अडचणीचे वाटतात, त्याने अडचण कोणत्या रकान्याची आहे ते लेखी कळवावं.

आपले,
ऊस बिलं आणि टोळ्यांचे हिशेब तपासणारे काही जण
सोलापूर

ता.क. : गट ऑफिसमधून तोडीची चिठ्ठी घेऊन बांधाबांधाने फिरणाऱ्या माणसाला तुमच्या पगारपत्रकात ‘चिटबॉय’ म्हणतात. त्यांतल्या कित्येकांची निवृत्ती दोन-चार वर्षांवर आली आहे. नवीन पगारपत्रक छापताना ‘तोडणी सहायक’ लिहायला हरकत नसावी, आणि पदनाम बदललं म्हणून वेतनश्रेणी तीच ठेवायची असं काही नाही.